स्टिल

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी
माझी बायको इंग्रजी शिकवते.
मी कप विसळतो. बिस्किटं मोजतो.
सिरियातून आलेली सात माणसं
कोट न काढता बसतात; हीटर नावालाच आहे.

आज फळ्यावर एकच शब्द: स्टिल.

इशबेल म्हणते, अजिबात हलू नका, म्हणजे स्टिल.
विदादचा कुतैबा लगेच खुर्चीत दगड होतो
आणि चौथ्या सेकंदाला फुटतो, हसून.
म्हणते, पाऊस अजून पडतोय, त्या 'अजून'लाही स्टिल.
खिडकीकडे बोट दाखवायची गरज नाही,
आमच्या बेटावर तो शब्द बाराही महिने ओला.
वारा पडला की खाडी स्टिल.
भिंतीवरचा फोटोही स्टिल,
त्यातला पाद्री हयातीतसुद्धा फारसा हलत नसे.

मग ती माझ्याकडे हात करते:
हा लॅखलन, एकतीस वर्षं स्टिलमॅन.
म्हणजे डिस्टिलरीतल्या तांब्याच्या भट्ट्या सांभाळणारा.
भट्टीलाही स्टिलच म्हणतात,
जिच्या पोटात क्षणभर काही स्वस्थ नसतं.
म्हातारे अबू मुन्झिर भुवया चढवतात: दारू?
दारू, मी म्हणतो. काय करणार.
विदाद वहीत एक भांडं काढते, लांब वाकड्या मानेचं.
तिच्या आत्याकडे होतं. गुलाब उकळायची ती त्यात.
मान जितकी उंच तितका अर्क हलका,
हे तिला माहीत आहे. इंग्रजीशिवाय माहीत आहे.

'तरीही' राहिलंच, इशबेल म्हणते.
तो येणार नाही हे ठाऊक आहे, तरीही ती थांबते.
तेही स्टिल.

वर्ग उठता उठता विदाद पिशवीतून फॉर्म काढते,
दवाखान्याचा. तिला पाचवा महिना.
आधीची बाळंतपणं, अशी ओळ; खाली दोन चौकोन.
एकावर 'जिवंत'.
दुसऱ्यावर आजचाच शब्द, 'बॉर्न'ला चिकटलेला.
ती बोट ठेवते, फळ्यावरचे तुकडे जोडून बघते:
तरीही... जन्मलेलं?
कुतैबा, ती म्हणते. ट्रकमध्ये. रात्री. बर्फ.
डॉक्टर नाही, पाणी नाही. तरीही जन्मला.
आणि त्या चौकोनात खूण करायला पेन टेकवते.

इशबेल तिचं मनगट धरते.
तिथे नको, म्हणते.
आणि अर्थ सांगायला तोंड उघडते,
आणि सांगत नाही.

नळ वाहतोय. मी बंद करत नाही.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी. बोट सुटली नव्हती.
नर्सनं तो शब्द एकदाच उच्चारला, दाराकडे तोंड करून.
पिंपं घडवणाऱ्या हेक्टरनं ओकची पेटी केली.
मापं मी दिली, इंचांत.
त्याच रात्री कामावर गेलो, पेटलेली भट्टी सोडता येत नाही.
स्टिलमॅन. बरोबरच होतं.
घरात आम्ही दोघं तेव्हापासून
त्या एका खोलीला वळसा घालून बोलत आलो.

विदाद इशबेलकडे बघते, मग माझ्याकडे,
मग वाहत्या नळाकडे.
वहीत काही लिहीत नाही. पेनाला टोपण लावते
आणि खडूनं पांढरा झालेला तो हात
दोन्ही हातांत धरून बसते.
कुतैबा विचारतो, आता हललं तर चालेल का?

चढावर, आमच्या फाटकाच्या अलीकडे, इशबेल थांबते.
चुकली ती, म्हणते.
दहा पावलं जाते.
पण फोड बरोबर केली होती.
तरीही जन्मलेली.

मी आमच्या मुलीचं नाव घेतो.
वारा आहे, आणि इशबेलला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.
काय म्हणालास? ती विचारते.
मी पुन्हा म्हणतो, जरा मोठ्यानं.